पावसाळी शेडखालच्या गाड्या: शेगडी बंद करायची की ताडपत्री?

तव्यावरचा_डोसा:
काल इथे एकांनी ठणकावून लिहिलं की पावसाळी शेडखालच्या खाण्याच्या गाड्यांवर शेगडी पेटवायला सरसकट बंदी घाला, लोकांनी भेळ-सँडविच खावं. डोकंच फिरलं. माझ्या मामाची डोशाची गाडी ठाण्यात एका इमारतीपुढच्या मोकळ्या जागेत लागते. जून लागला की वर पत्रा आणि तिन्ही बाजूंनी निळी ताडपत्री, पार जमिनीला टेकलेली. खरा धोका तिथे आहे! एलपीजी हवेपेक्षा जड. गळाला की वर जात नाही, खालीच साचतो. ताडपत्री गुडघाभर वर बांधली तर वारा खेळतो. पण मग गिऱ्हाइकाच्या पँटवर शिंतोडे उडतात, म्हणून मामा ती खाली सोडतो. नियम करायचाच तर असा करा: ताडपत्री दीड-दोन फूट वर, सिलिंडर शेडच्या बाहेरच्या कडेला उभा, बाहेर पडायला दोन वाटा. शेगडीच बंद केलीत तर मामाने काय गार डोसे विकायचे?

नियम_म्हणजे_नियम:
तो 'एक' मीच. मुंबईतल्या कमला मिलमधल्या पबची आग विसरलात? २९ डिसेंबर २०१७, १४ माणसं गेली. गच्चीवरचं आच्छादन पेटत गेलं आणि कित्येक जण स्वच्छतागृहात धुराने गुदमरले. आणि तुम्ही प्लॅस्टिकखाली उकळतं तेल ठेवून 'वारा खेळतो' म्हणताय. धन्य!

तव्यावरचा_डोसा:
काका, पेटलं आच्छादन असं तुम्हीच लिहिलंत. मग बंदी शेगडीवर का?

नियम_म्हणजे_नियम:
बरं, कुर्ल्याचं सिटी किनारा हॉटेल घ्या. ऑक्टोबर २०१५, गॅसगळती, ८ जण गेले. तिथे काय ताडपत्री होती?

लोकलची_चौथी_सीट:
तुम्ही दोघंही सिलिंडरचा रंग बघत नाही. गाड्यांवर सर्रास लाल असतो, १४.२ किलोचा घरगुती. तो येतो कुठून? आपल्याच सोसायट्यांतून. पाइपचा गॅस आला, तरी सिलिंडरचं कनेक्शन कोणी परत करत नाही. नंबर लावायचा आणि आलेला सिलिंडर थेट कोपऱ्यावरच्या चायनीजवाल्याकडे.

चिंचगूळ:
घरचा लाल काय नि धंद्याचा निळा काय, जळायचं ते जळणारच. १९ किलोच्या निळ्याचा भाव बघितलाय कधी? एसीत बसून रंग शिकवू नका.

लोकलची_चौथी_सीट:
अहो ताई, रंगाचं खूळ नाहीये हे. घरगुती लाल धंद्याला चालत नाही, म्हणून तो लपवावा लागतो. मी डोळ्यांनी बघितलाय: गाडीच्या पोटात, गोणपाटाखाली, बरोबर पेटत्या शेगडीखाली. नळी दुमडलेली आणि कॉक बंद करायचा तर आधी कांद्याची पोती बाजूला काढायची. आग लागल्यावर पोती कोण हलवणार?

चिंचगूळ:
लपवण्याचं पटलं, नाइलाजाने. पण निळाही लपवावाच लागतो. माझी जाऊ वडे तळते. पालिकेची गाडी आली की पहिला सिलिंडर उचलतात, मग कढई. उघड्यावर, शेडच्या कडेला ठेवायचा म्हणजे 'घ्या साहेब, न्या' म्हणून आमंत्रणच.

नियम_म्हणजे_नियम:
मग रीतसर परवाना काढा ना! कोणी अडवलंय?

चिंचगूळ:
कोणी अडवलंय?? पथविक्रेता कायदा २०१४चा. परवान्यांचं काम ज्या फेरीवाला समितीवर अडतं, तिची मुंबईत निवडणूक व्हायला २०२४ उजाडलं. दहा वर्षं वडे तळायचे थांबवून रांगेत उभी राहिली असती का माझी जाऊ? घरी बसून 'रीतसर' म्हणायला काय जातंय तुमचं!

कँटीनवाला:
भांडा निवांत, पण एक ऐका. कढई पेटली की पाणी ओतायचं नाही, भडका दुप्पट होतो. गॅस बंद करायचा आणि घट्ट झाकण टाकायचं. आमच्याकडे नवा पोरगा बादली घेऊन धावला होता, मी त्याची कॉलर धरून मागे ओढला. निम्म्या गाड्यांवर कढईच्या मापाचं झाकणच नसतं. बंदीचं नंतर बघा, आधी झाकण सक्तीचं करा.

नियम_म्हणजे_नियम:
झाकण मान्य. ताडपत्री वर बांधणंही मान्य, मामांना आमचा दंडवत कळवा. पण ती दुसरी वाट काढणार कुठून? फुटपाथवरूनच ना? म्हणजे आम्ही म्हाताऱ्यांनी बसखाली जायचं.

तव्यावरचा_डोसा:
फुटपाथ आहे कुठे, काका? तो तर सोसायट्यांच्या स्कूटरींनी आधीच खाल्लाय. त्यावर काढा की एक वेगळा धागा.