मिस्सेच्या उपस्थितीवर रोजगाराचा परिणाम कसा तपासावा?

मालवण तालुक्यातील आमच्या किनारी गावात कॅथलिक कुटुंबे थोडी आहेत आणि बहुतेकांचा चरितार्थ मासेमारीवर किंवा मुंबईहून येणाऱ्या पैशांवर चालतो. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, मागचे बाक रिकामे असतात. मात्र मे महिन्यात चाकरमानी परतले की वाडीतल्या क्रुसापाशी लदीन ही सामूहिक प्रार्थना म्हणताना उभे राहायलाही जागा उरत नाही. ‘श्रद्धा कमी झाली’ हे सोपे उत्तर मला म्हणूनच पटत नाही.

धर्मग्रामासाठी, म्हणजे आमच्या चर्चच्या स्थानिक समुदायासाठी, छोटे टिपण लिहायचे आहे. सलग सहा रविवार उपस्थिती मोजली. परंतु ते सगळे हंगामातले होते, जून-जुलैच्या मासेमारीबंदीतले नव्हते. घरोघरी विचारले, तेव्हा ‘बोट रविवारी पहाटे लागते, मग मासळीचा लिलाव’ हे उत्तर वारंवार मिळाले. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारी मिस्सेला जाण्याचे कर्तव्य पूर्ण होते, हे कित्येकांना ठाऊकच नव्हते. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्या फादरांच्या परवानगीने पाहता येतील, पण त्यांतून नियमित उपस्थिती कळत नाही. कुणाच्या घरची मिळकत विचारणे मला प्रशस्त वाटत नाही, आणि निधीही नाही.

वसई, रेवदंडा किंवा वेंगुर्ल्याकडे असे काम केलेल्यांनी कृपया सांगावे: बंदीच्या व हंगामाच्या काळातील उपस्थितीची तुलना पुरेशी ठरेल, की पावसाळ्याचा परिणाम वेगळा काढण्यासाठी मासेमारी न करणाऱ्या कुटुंबांचीही स्वतंत्र मोजणी करावी लागेल?