फुगलेली जमीन परत बसते कशी?
ज्वालामुखीच्या भागात मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) वर सरकला की जमीन फुगते हे बरोबरच, पण मग उद्रेक न होताच ती परत खाली कशी बसते? तिथे पाणी आणि वायूंचा रोल मोठा आहे. मॅग्मातून निघालेली वाफ, कार्बन डायऑक्साइड वरच्या खडकांच्या भेगांमधे साठत जातात, प्रेशर वाढतं, जमीन उचलली जाते आणि कुठेतरी वाट मिळाली की ते हळूहळू निसटतात मग जमीन बसायला लागते.

इटलीतल्या नेपल्सजवळचं पोझ्झुओली बघा, अख्खं गाव कांपी फ्लेग्रेई या ज्वालामुखीच्या कॅल्डेरात (जुन्या उद्रेकानंतर जमीन खचून झालेल्या मोठ्या खळग्यात). १९८२ ते ८४ मधे जमीन जवळपास १.८ मीटर वर आली, बंदर उथळ होऊन बोटींची पंचाईत, आणि उद्रेक झालाच नाही! २००५ च्या सुमारापासून परत वर चाललीये. तिथल्या रोमन बाजाराच्या संगमरवरी खांबांना तर बऱ्याच उंचीवर समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोकं आहेत, म्हणजे खांब मधल्या काळात समुद्रात बुडून परत बाहेर आले, तेही उभेच्या उभे (मला हे सगळ्यात भारी वाटतं).

१५३८ ला मात्र तिथेच जमीन फुगल्यावर खरंच उद्रेक झाला, आठवड्याभरात मोंते नुओवो ही नवी टेकडीच तयार झाली.