मधमाशी डसल्यावर हात कोपरापर्यंत सुजला, तर ती जिवावरची ॲलर्जी समजावी का?

मृण्मयी:
माझ्या वडिलांच्या मनगटावर परवा सकाळी मधमाशी डसली. त्या दिवशी सूज थोडीच होती, परंतु काल रात्रीपर्यंत ती कोपराजवळ पोहोचली असून हात लाल, गरम झाला आहे आणि त्याला फार खाज सुटते आहे. ताप नाही, धाप नाही, जेवणखाणही नेहमीसारखे आहे. घरात एकाचे म्हणणे असे की जंतुसंसर्ग झाला आहे, तेव्हा लगेच अँटिबायोटिक सुरू करावे; दुसऱ्याचे म्हणणे असे की ही ॲलर्जी आहे आणि पुढचा दंश जिवावर बेतेल. यांपैकी कोणते खरे मानावे आणि खरा धोका कशावरून ओळखावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शुश्रूषा:
मृण्मयीताई, मी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात डॉक्टर आहे. आपल्या वर्णनावरून ही मोठी स्थानिक प्रतिक्रिया वाटते. अशी सूज १० सेंटिमीटरहून अधिक पसरते, २४ ते ४८ तासांत सर्वांत जास्त होते आणि पूर्ण ओसरायला ५ ते १० दिवस घेते. ती ॲलर्जीचाच प्रकार आहे, पण दंशाला लागून असलेल्या भागापुरती मर्यादित राहते. अशा व्यक्तींना पुढच्या दंशाच्या वेळी सर्वांगावर प्रतिक्रिया येण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के असते, म्हणजे ती बहुतेकांना येत नाही. पहिल्या दोन दिवसांतली लाली आणि उष्णता सहसा विषाला शरीराने दिलेल्या प्रतिसादाची असते, त्यामुळे अँटिबायोटिकची गरज क्वचितच पडते. मात्र तीन-चार दिवसांनंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, ताप आला किंवा पू दिसला, तर हात अवश्य दाखवावा. तोपर्यंत हात उशीवर उंच ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा, खाजेसाठी डॉक्टरांना विचारून अँटिहिस्टामाइनची, म्हणजे ॲलर्जीची, गोळी द्यावी आणि बोटात अंगठी असेल तर ती आत्ताच काढून ठेवावी.

धोका ओळखताना सूज किती मोठी आहे यापेक्षा दंशापासून दूर काय घडते आहे, याकडे लक्ष द्यावे. दंश मनगटावर आणि गांध्या पोटावर किंवा पाठीवर. ओठ, जीभ किंवा पापण्यांना सूज. आवाज बसणे, गिळायला त्रास होणे, छातीत घरघर, दम लागणे. वारंवार उलट्या, पोटात कळा, चक्कर, शुद्ध हरपणे, ही लक्षणे बहुधा काही मिनिटांत आणि बहुतेकदा तासाभराच्या आत दिसू लागतात. काही रुग्णांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही आणि रक्तदाब एकदम कोसळतो, म्हणून गांध्या नाहीत यावरून निश्चिंत होऊ नये. जिभेवर किंवा घशात दंश झाला असेल, तर ॲलर्जी नसतानाही सुजेने श्वासमार्ग बंद होऊ शकतो. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे.

मधुपालक:
दंश झाल्याक्षणी काय करावे, एवढेच मी सांगतो. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असल्यामुळे ती विषाच्या पिशवीसकट त्वचेतच राहते आणि माशी उडून गेल्यावरही विष आत ढकलत राहते. नांगी नखाने खरवडावी की चिमटीत धरून उपटावी, यावर लोक उगाच वाद घालतात. उशीर जितका जास्त तितके विष जास्त, म्हणून हाताला जमेल त्या रीतीने ती काही सेकंदांत काढावी. नांगी मागे राहिली नसेल, तर गांधीलमाशी डसली असण्याची शक्यता अधिक. दंशाबरोबर सुटणाऱ्या वासामुळे इतर माश्याही चवताळतात, म्हणून आधी तिथून दूर जावे आणि चेहरा झाकून बंद खोलीत किंवा गाडीत शिरावे. पाण्यात उडी मारू नये, कारण माश्या वर घोंघावत थांबतात. सोडा किंवा व्हिनेगर लावण्यात वेळ घालवू नये. विष त्वचेच्या आत गेलेले असते, तिथे ते पोहोचत नाहीत.

मृण्मयी:
दोघांचेही मनापासून आभार. वडिलांच्या अंगठ्या काढल्या. घरात ॲलर्जीच्या गोळ्या असतातच. सर्वांगावर लक्षणे दिसली, तर त्या देऊन वाट पाहिली तर चालेल का?

शुश्रूषा:
नाही, आणि हे मी आग्रहाने सांगते. त्या गोळीने खाज आणि गांध्या कमी होतात. बंद होणारा श्वासमार्ग किंवा कोसळणारा रक्तदाब तिने सावरत नाही. तिथे ॲड्रेनालिनचे इंजेक्शनच लागते, आणि ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या मध्यावर स्नायूत टोचावे लागते. प्रौढांसाठी एका वेळची मात्रा जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम असते आणि सुधारणा दिसली नाही, तर ५ मिनिटांनी ती पुन्हा देतात. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. दम लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये किंवा चालवू नये, कारण एकाएकी उभे राहिल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होऊन प्राण जाऊ शकतो. बरे वाटू लागल्यावरही काही तास देखरेखीखाली ठेवावे लागते, कारण लक्षणे पुन्हा उलटू शकतात.

ज्यांना एकदा अशी सर्वांगी प्रतिक्रिया आली आहे, त्यांनी ॲलर्जीतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, ॲड्रेनालिनचे पेन (स्वतःच टोचून घेता येणारे तयार इंजेक्शन) जवळ बाळगावे आणि विषाच्या वाढत्या मात्रेच्या इंजेक्शनांच्या उपचाराबद्दल विचारावे. तो ३ ते ५ वर्षे चालतो आणि बहुसंख्य रुग्णांना पुढच्या दंशापासून संरक्षण देतो. आपल्या वडिलांना आज यांपैकी कशाचीही गरज दिसत नाही. ते रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असतील, तर मात्र पुढच्या भेटीत डॉक्टरांना या दंशाविषयी सांगावे, कारण त्या औषधामुळे ॲड्रेनालिनचा परिणाम कमी होऊ शकतो. ते औषध आपल्या मनाने बंद करू नये.