मदत हवी आहे : न बघितलेली बांगडी आणि संभाव्यता

नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितेय. लेक बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, संभाव्यतेवर गाडी अडलीय. काल पिशवीत 5 हिरव्या आणि 3 लाल काचेच्या बांगड्या घालून दोघी बसलो. पहिली हिरवी निघाली, परत टाकली नाही, तर दुसरी हिरवी निघण्याची संभाव्यता 4/7. दोन्ही हिरव्या म्हणजे 5/8 × 4/7 = 5/14. इथवर पटलं. मग तिने पहिली बांगडी न बघताच माझ्या पदराखाली लपवली नि विचारलं, “आई, आता दुसरीचं काय?” पहिली हिरवी असेल (5/8 × 4/7) किंवा लाल असेल (3/8 × 5/7), या दोन्ही शक्यतांची बेरीज केली, 20/56 + 15/56, तर दुसरी हिरवी निघण्याची संभाव्यता पहिलीसारखीच, पुन्हा 5/8च! बांगडी कमी होऊनही उत्तर बदलत का नाही, हे सूत्राशिवाय कसं समजावू? परवा तिची चाचणी आहे.