२६ मिलिमीटरचा फुगा: कवटी उघडावी की मांडीतून उपचार घ्यावा?

प्रश्न (परळी वैजनाथ)
आईचे वय ५८ आहे. दिवाळीनंतर ज्वारी निवडताना तिला एकाच्या जागी दोन खडे दिसू लागले आणि महिनाभरात उजवी पापणी पूर्ण खाली आली. अँजिओग्राफीत मेंदूला रक्त नेणाऱ्या उजव्या अंतर्गत कॅरोटिड धमनीवर रुंद तोंडाचा २६ मिलिमीटरचा फुगा (अॅन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगवटा) आढळला. लातूरचे डॉक्टर मांडीतल्या धमनीतून फ्लो डायव्हर्टर (धमनीत बसवायची जाळीची नळी) बसवा म्हणतात, तर छत्रपती संभाजीनगरचे डॉक्टर कवटी उघडून बायपास करावा असे सांगतात. आम्ही कशाच्या आधारे ठरवावे?

उत्तर १ (न्यूरोसर्जन, नांदेड)
फुगा कॅव्हर्नस सायनसच्या (डोळ्यामागे, कवटीच्या तळाशी असलेल्या शिरांच्या पोकळीच्या) आत आहे की त्याच्या वर, हे आधी विचारून घ्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात २५ मिलिमीटर व त्याहून मोठे फुगे कॅव्हर्नस भागात असताना पाच वर्षांत सुमारे ६ टक्के फुटले, तर वरच्या भागात, मेंदूच्या पुढच्या धमन्यांवर असताना ४० टक्के. घाई किती करायची, हे मुख्यतः यावर ठरते.

एवढ्या मोठ्या फुग्याच्या मानेवर क्लिप बसवणे अवघड असते, कारण भिंत कडक झालेली असते आणि आत रक्ताच्या गुठळ्या साठलेल्या असतात. म्हणून कधी धमनीच बंद करून डोक्याच्या कातडीतल्या किंवा हातापायातल्या रक्तवाहिनीने मेंदूला नवा रक्तपुरवठा जोडावा लागतो. अनुभवी हातांत ही शस्त्रक्रिया उत्तम होते, पण ती मोठी आहे. डायव्हर्टर म्हणजे बारीक जाळीची नळी. तिच्यामुळे रक्त सरळ पुढे जाते आणि फुग्यातले रक्त सावकाश गोठते, बहुधा सहा महिने ते वर्षभरात. त्यामुळे पापणी लगेच उचलली जाईल, अशी अपेक्षा ठेवू नका.

उत्तर २ (हिंगोली)
माझ्या वडिलांना डायव्हर्टर बसवला होता. चौथ्या महिन्यात दात काढण्यासाठी गावातल्या एका दवाखान्यात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या नळीत रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या थांबवायला सांगितल्या, आम्हीही मूळ डॉक्टरांना न विचारता थांबवल्या आणि पाचव्या दिवशी त्यांच्या हातातली भाकरी गळून पडली. डावा हात आजही पूर्ण वळत नाही. ताई, आईच्या गोळ्या तुम्ही स्वतः मोजून द्या आणि महिन्याचा साठा आधीच आणून ठेवा.

प्रश्नकर्ती
अहवालात ‘कॅव्हर्नस’ असे लिहिलेले आहे. सोमवारी तोच कागद घेऊन दोन्ही डॉक्टरांना पुन्हा भेटते, आणि आईला या गोळ्या चालतील का, हेही विचारते. तिला पूर्वी पोटात अल्सर झाला होता.