मशीन ठीक आहे, तरी धाप का लागते?

पेसमेकर बसवून आठ महिने झाले, तपासणीत मशीन उत्तम चालतंय, तरी जिना चढताना छाती भरून येते असं तुम्ही लिहिलंय. आईच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहितोय.

साधा पेसमेकर ठोके मंदावू देत नाही, एवढंच त्याचं काम. झडपेचा दोष, हृदयाची कमी झालेली ताकद, फुप्फुसं, रक्तातलं हिमोग्लोबिन यांवर त्याचा इलाज नाही. आई सपाटीवर ठीक चालायची, पण सातव्या-आठव्या पायरीला कठडा धरून उभी राहायची. बऱ्याच पेसमेकरमध्ये हालचाल ओळखून ठोके वाढवणारा सेन्सर असतो. तो तिचा फारच सुस्त ठेवलेला होता. सेटिंग बदलल्यावर त्याच जिन्यावर फरक दिसला. हे बाहेरून करता येतं, कापाकापी लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यातून सतत पेसिंग होत असेल, म्हणजे मशीनच ठोके देत असेल, तर काही जणांचं हृदय हळूहळू कमकुवत होतं. म्हणून पेसिंग किती टक्के होतंय ते विचारा आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) पुन्हा करायचा का, तेही. अनियमित ठोक्यांची नोंदही मशीनमध्ये सापडते.

रोज सकाळी वजन लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा रात्री उशी वाढवावी लागली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात, तर थेट इमर्जन्सीत जा.