मदत हवी आहे: आधी डार्क सोल्स घेऊ की डायरेक्ट एल्डन रिंग?
मंडळी, जरा मार्गदर्शन करा. मित्राकडे हे दोन्ही व्हिडिओ गेम थोडे थोडे खेळलोय, आता एकच घ्यायचाय. एल्डन रिंगमधे मॅप आहे, घोडा आहे, सुरुवातीचा तो सोनेरी चिलखतवाला घोडेस्वार भारी पडला तर सरळ वळसा घालून दुसरीकडे लेव्हल वाढवून परत येता येतं, हे मला फार आवडलं. पण पहिल्या डार्क सोल्समधे मॅपच नाही, अर्ध्या गेमपर्यंत एका बोनफायरवरून (म्हणजे विसावा घ्यायची शेकोटी, मेलो की तिथूनच परत सुरुवात) दुसऱ्यावर थेट जाताही येत नाही आणि मग चर्चजवळची लिफ्ट अचानक खाली फायरलिंकला, म्हणजे सुरुवातीच्या तळावर पोचते तेव्हा काटा येतो अंगावर, अख्खा रस्ता डोक्यात बसतो! एल्डन रिंगच्या एवढ्या मोकळ्या जगात असं होतं का? मला मारामारीपेक्षा ती पडझड झालेली उदास दुनियाच जास्त ओढते. आणि 2022 चा एल्डन रिंग आधी खेळून मग जुना खेळायला जड जातो का? दोन्ही पूर्ण केलेल्यांनी सांगा, स्टोरी तेवढी फोडू नका प्लीज.